आनंदीबाईंचे चार हिवाळे

नाताळची सुट्टी संपली की आपल्या वसईत एक वेगळीच शांतता उतरते. घरांवरचे चांदणीचे कंदील खाली येतात, गोठ्यातल्या मूर्ती कागदात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी वर ठेवल्या जातात, मुंबईहून आलेले पाहुणे परत जातात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अजून आठवडा-दहा दिवस असतात. शाळा-कॉलेजं पुन्हा सुरू होतात आणि पहाटेच्या विरार लोकलला स्वेटर-स्कार्फवाल्या मुलींची गर्दी दिसू लागते.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जोडपं भाड्याने राहतं. लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत आणि दोघंही शिकतायत. तो नोकरी सांभाळून रात्रीचं कॉलेज करतो, ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहाटे साडेचारला त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. पोळ्या तिच्या, भाजी त्याची, अशी वाटणी आहे म्हणे. बघून बरं वाटतं. पण यंदा जानेवारीत कुकरच्या शिट्टीआधी तिचा खोकला ऐकू येऊ लागला. आठ दिवस झाले, पंधरा झाले. जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, तर हसली. परीक्षा झाली की दाखवते काकू, म्हणाली.

परीक्षा झाली की. हे शब्द ऐकले आणि मला एकदम आनंदीबाई आठवल्या. डॉ. आनंदीबाई जोशी. पाठ्यपुस्तकात आपण सगळ्यांनीच त्यांचा धडा वाचलाय. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी मुलगी, एवढं आपल्याला पाठ असतं. पण ती मुलगी होती, बायको होती, विद्यार्थिनी होती, थंडीत कुडकुडत स्वयंपाक करत होती, हे मात्र आपण विसरतो. म्हणून आज त्यांच्याविषयी.

खरं तर त्या आपल्या शेजारच्याच. माहेर कल्याणचं. कल्याणच्या खाडीतून वाहणारी उल्हास नदी पुढे येऊन आपल्या वसईच्याच खाडीतून समुद्राला मिळते. तेव्हा वसई आणि कल्याण दोन्ही ठाणे जिल्ह्यात. पालघर जिल्हा झाला तो अगदी अलीकडे, २०१४ साली. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. त्या दोन वर्षांच्या असताना, म्हणजे १८६७ साली, विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. आपली लोकल आणि आनंदीबाई साधारण एकाच वयाच्या, असं म्हटलं तरी चालेल.

माहेरचं नाव यमुना. वडील गणपतराव जोशी. घर एकेकाळी चांगलं सुखवस्तू, पण पुढे उतरती कळा लागलेलं. १८७४ साली, नवव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात नोकरीला. बिजवर, आणि तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. लग्नात त्यांनी हुंड्यापेक्षा वेगळीच अट घातली. बायकोला शिकवू द्यायचं. त्या काळात बाईने पुस्तक हातात धरलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं मानणारी घरं होती. तिथे हा गृहस्थ बायकोच्या हातात पाटी-पुस्तक देत होता. यमुनेची आनंदी झाली.

इथवरची गोष्ट ऐकायला छान वाटते. पुढची जरा कठीण आहे.

गोपाळराव शिक्षणाच्या बाबतीत हट्टी होते आणि रागीटही. आनंदी अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आजीला मदत करताना दिसली म्हणून त्यांनी तिला मारलं, असा एक प्रसंग सांगितला जातो. शेजारच्या बायका बुचकळ्यात पडल्या असणार. स्वयंपाक केला नाही म्हणून मार खाणाऱ्या बायका त्यांना ठाऊक होत्या, स्वयंपाक केला म्हणून मार खाणारी ही पहिलीच! पण हसून सोडून द्यावं असं हे नाही. मारणारा पस्तिशीकडे झुकलेला पुरुष होता आणि मार खाणारी दहा-अकरा वर्षांची पोर. लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, अंगावर पुस्तकं-खुर्च्या फेकणं, सोडून जाईन अशा धमक्या देणं, हे सगळं आनंदीबाईंनीच पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलंय. त्या पत्राकडे मी नंतर येते.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. (हे श्रीरामपूर आपल्या नगरचं नव्हे हं, बंगालमधलं.) चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य वेळी योग्य उपचार मिळाले असते तर बाळ जगलं असतं, ही सल तिच्या मनातून कधी गेली नाही. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरांपुढे बायका लाजेने दुखणं बोलत नाहीत. किती बायका अशाच जात असतील? आपणच डॉक्टर व्हायचं, हा विचार तिथून पक्का झाला. ते वेड नवऱ्याने डोक्यात घातलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

मुंबईत ती शाळेत जाऊ लागली तेव्हा रस्त्यात लोक जमून बघायचे, खिडक्यांतून डोकी बाहेर यायची, कुणी हसायचं, कुणी नको ते बोलायचं. कलकत्त्यातही तेच. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी, पायात बूट घातलेली मराठी मुलगी म्हणजे लोकांना तमाशाच. त्या दोघांचं सहजीवन म्हणजे एक चालतीबोलती शाळाच होती. नवरा मास्तर, बायको विद्यार्थिनी, आणि शाळेला सुट्टी म्हणून नाही.

अमेरिकेची वाट उघडली ती एका योगायोगाने. गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना एका मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. ती पत्रं अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आली. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून समोरचं मासिक चाळलं, आणि तिथे त्यांना ही हिंदुस्थानातली मुलगी भेटली. पत्रव्यवहार सुरू झाला. न पाहिलेली ही बाई आनंदीची मावशी झाली ती कायमची. दवाखान्यातली जुनी मासिकं आपण किती कंटाळून उलटतो, नाही का?

गोपाळरावांना रजा आणि पैसा दोन्ही जमेना. तेव्हा त्यांनी बायकोला एकटीला पाठवायचं ठरवलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भरसभेत उभं राहून इंग्रजीत भाषण केलं. आपण का जातो, इथेच का शिकत नाही, सगळ्या प्रश्नांना एकेक करून उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्दही दिला. वय पुरतं अठराही नव्हतं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला न्यूयॉर्क आलं. धक्क्यावर मिसेस कार्पेंटर उभ्या होत्या.

पहिला हिवाळा

उन्हाळा रोझेलला कार्पेंटर कुटुंबात मजेत गेला. आनंदीबाई त्यांना आपल्या पद्धतीचं जेवण करून घालत, घरातल्या मुलींना साडी नेसवत. ऑक्टोबरात मात्र फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. १८५० साली स्थापन झालेलं, फक्त बायकांना डॉक्टर करणारं हे कॉलेज. तिथल्या डीन डॉ. रेचल बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या अभ्यासक, आणि मनाने फार मोठ्या. त्यांनी या मुलीला आपल्या पंखाखाली घेतलं. कॉलेजने शिष्यवृत्ती दिली.

तरी अभ्यास सोपा नव्हता. शरीररचना, रसायन, औषधं, प्रसूतिशास्त्र, सगळं परक्या भाषेत, आणि तीन वर्षांत पूर्ण करायचं. पण अभ्यासाहून कठीण होती ती थंडी. आपल्याकडे पारा पंधरावर आला की आपण शेकोट्या पेटवतो. तिथे तर बर्फ पडतो, पाणी गोठतं. आनंदीबाईंना जी खोली मिळाली तिच्यातली शेगडी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर हाडं गोठणार. धूर सोसायचा की थंडी, एवढाच काय तो पर्याय. आपल्यापैकी ज्यांनी पावसाळ्यात ओल्या लाकडांवर चूल पेटवलीय त्यांना तो धूर कळेल.

त्यात खाण्याचे हाल. मांसाहार करायचा नाही हा नेम. तिथल्या हिवाळ्यात ताजी भाजी कुठून आणणार? स्वतः रांधायचं, स्वतःच भांडी घासायची आणि मग पुस्तक उघडायचं. कॉलेजमधून दमून आल्यावर एकटीसाठी काय करायचं, म्हणून आपणही कितीदा चहा-बिस्किटावर भागवतो! आनंदीबाईंचंही जेवण असंच कमी कमी होत गेलं असावं.

आणि साडी. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याणच्या हवेत ठीक, फिलाडेल्फियाच्या बर्फात कसं चालायचं? म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची, पाय झाकणारी साडी नेसायला सुरुवात केली. गाऊन नाही घातला, कुंकू नाही सोडलं. फक्त साडीची पद्धत बदलली. एवढीशी गोष्ट. पण तिने चार हजार कोसांवर वादळ उठवलं.

दुसरा हिवाळा

गोपाळराव हिंदुस्थानात एकटे होते. बायकोला पुढे जा म्हणून ढकलणारे हेच गृहस्थ आता तिच्या प्रत्येक बदलाकडे संशयाने बघू लागले. साडी का बदलली? फोटोत अशी का दिसतेस? आम्हाला विसरलीस का? पत्रांतून टोमणे येऊ लागले. थंडीने आधीच अर्धमेल्या झालेल्या मुलीला टपालाची वाटही बघावीशी वाटावी आणि भीतीही वाटावी, अशी गत.

बायांनो, इथे जरा थांबूया. असे नवरे आपण पाहिलेत. बायकोने शिकावं, नोकरी करावी, मोठी व्हावी, असं त्यांना मनापासून वाटतं. चारचौघांत ते अभिमानाने सांगतातही. पण ती खरोखरच मोठी होऊ लागली, स्वतःचं स्वतः ठरवू लागली, की त्यांना घाम फुटतो. मी शिकवलं म्हणून शिकली ना, मग माझ्या मुठीत राहायला काय झालं? गोपाळराव याच जातीचे. वाईट माणूस म्हणून त्यांना मोडीत काढता येत नाही, कारण त्यांच्याशिवाय आनंदीबाई घडल्या नसत्या. आणि देवमाणूस म्हणून पाया पडावं, तर त्या पोरीच्या पाठीवरचे वळ आठवतात.

यावर आनंदीबाईंनी दिलेलं उत्तर हा मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण वाटतो, पदवीपेक्षाही. त्यांनी रडगाणं गायलं नाही आणि भांडणही केलं नाही. लहानपणी कोणत्या वर्षी काय काय सोसलं, ते एकेक करून शांतपणे लिहिलं. तुमची वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणं कठीण आहे, असंही मोकळेपणाने कळवलं. शिक्षणाचं ऋण मान्य केलं. पण ते ऋण मानताना मार मार होता हे त्यांनी लपवलं नाही. सवाशे वर्षांहून जास्त काळ झाला, तरी उपकार आणि अन्याय असे वेगवेगळ्या रकान्यांत मांडणं आपल्याला अजून जमत नाही. आपण एक तर सगळं पोटात घालतो, नाही तर सगळं तोडून टाकतो.

तिसरा हिवाळा

१८८५ साली गोपाळराव पूर्वेच्या मार्गाने प्रवास करत अमेरिकेला पोचले. पतीपत्नींची दोन वर्षांनी भेट झाली. म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, १८८५-८६च्या हिवाळ्यात, हे जोडपं एकाच देशात होतं. आता तरी चार सुखाचे दिवस यावेत की नाही? पण गोपाळराव शांत बसणारे नव्हतेच. ते जागोजागी व्याख्यानं देऊ लागले आणि त्या व्याख्यानांत अमेरिकन समाजावर, ख्रिस्ती मिशनऱ्यांवर जोरदार टीका करू लागले. त्यातलं काही खरंही असेल. पण ज्या लोकांनी आपल्या बायकोला दोन वर्षं लेकीसारखं सांभाळलं, त्यांना हे ऐकून काय वाटेल याचा विचार त्यांनी केला नाही. अवघडलं कोण? आनंदीबाई. एकीकडे नवरा, दुसरीकडे मावशी आणि गुरू, आणि पुढ्यात अंतिम परीक्षा.

त्या वर्षीचा एक फोटो प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५. कॉलेजातल्या तीन परदेशी मुली ओळीने बसल्यात. साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या वेषातल्या सीरियाच्या सबात इस्लामबूली. तिघी पुढे डॉक्टर झाल्या. मला तो फोटो बघितला की हॉस्टेलमधल्या मैत्रिणी आठवतात. एकीचं बोलणं दुसरीला धड कळत नसेल, पण घराची आठवण तिघींना सारखीच येत असणार.

सुट्टी संपून जानेवारी उजाडला म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलीचं काय होतं, हे ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे त्यांना सांगायला नको. आनंदीबाईंना तर परीक्षेबरोबर प्रबंधही पुरा करायचा होता. विषय त्यांनी निवडला होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आपल्या जुन्या ग्रंथांत गर्भिणीची काळजी, बाळंतपण, नवजात बाळाची निगा याविषयी काय सांगितलंय त्याचा अभ्यास. विषय उगाच नव्हता निवडला. दहा दिवसांत गेलेलं ते बाळ त्यांनी सात वर्षं मनात सांभाळलं होतं.

तब्येत मात्र ढासळत चालली होती. अशक्तपणा, डोकेदुखी, ताप, खोकला. डॉक्टर होणारी मुलगी, सभोवती सगळ्या डॉक्टर, तरी स्वतःचं दुखणं मागेच राहिलं. आधी परीक्षा, मग तब्येत. आपलं बायकांचं नेहमीचं गणित. आधी मुलांची परीक्षा, आधी सासूबाईंचं ऑपरेशन, आधी नणंदेचं लग्न. आपला नंबर शेवटी.

११ मार्च १८८६. पदवीदान समारंभ. आनंदीबाई एम. डी. झाल्या, वय पुरतं एकवीसही नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम या सोहळ्यासाठी आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. गोपाळरावही हजर होते. त्या दिवशी त्यांच्या मनात काय आलं असेल? आपण लावलेलं झाड आपल्यापेक्षा उंच झालेलं बघताना माणसाला आनंद होतो आणि कुठेतरी टोचतंही. राणी व्हिक्टोरियापर्यंत ही बातमी डॉ. बॉडलींनी पोचवली आणि राणीकडून अभिनंदनाचं उत्तर आलं.

कोल्हापूर संस्थानाने लगेच बोलावणं धाडलं. तिथल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूक, पगार महिना ३०० रुपये. त्या काळी ३०० रुपये म्हणजे भल्याभल्या पुरुषांना न मिळणारी रक्कम. आनंदीबाईंनी आनंदाने होकार कळवला. अनुभव घ्यावा म्हणून बॉस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात त्या कामाला गेल्या, पण शरीर साथ देईना. अंथरूण धरलं. रोग क्षयाचा होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधला तो १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघायच्या जेमतेम वर्षभर आधी. रोगाचं मूळ कळलं होतं, पण औषध कुणाकडेच नव्हतं. पहिलं खरं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४३ साल उजाडलं. आनंदीबाईंना तेव्हा जगातला कुठलाच डॉक्टर वाचवू शकला नसता. धुराची खोली, अपुरं अन्न, जिवाची ओढाताण, यांनी रोगाचं काम सोपं केलं एवढंच.

चौथा हिवाळा

ऑक्टोबर १८८६मध्ये पतीपत्नी न्यूयॉर्कहून निघाली आणि नोव्हेंबरात मुंबईला पोचली. जाताना ज्यांनी नावं ठेवली होती, त्यांच्यातलेही अनेक आता स्वागताला आले. समुद्र ओलांडून आलेल्या बाईला लोक वाळीत टाकतील अशी धास्ती होती, पण झालं उलटंच. मुंबई-पुण्यात त्यांचं कौतुक झालं. पण कौतुक झेलायला अंगात त्राण कुठे होतं?

चौथा हिवाळा पुण्यात गेला. नाताळ झाला, संक्रांत झाली. कोल्हापूरचं रुग्णालय वाट बघत होतं. औषधोपचार चालू होते, बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. आई जवळ होती. गोपाळरावही होते, आणि शुश्रूषा करत होते हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर आला होता. ज्या बायकांसाठी एवढा आटापिटा केला, त्यांतल्या एकीलाही कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात त्यांना तपासता आलं नाही.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मिसेस कार्पेंटरना पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या आजही आहेत. वर दगडावर नाव कोरलंय. कल्याणची लेक अमेरिकेतल्या मावशीच्या कुशीत विसावली.

पुढच्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचं चरित्र लिहिलं. मराठीत ते काम काशीबाई कानिटकरांनी केलं, म्हणजे बाईचं चरित्र बाईने लिहिलं. पुढे श्री. ज. जोशींची आनंदी गोपाळ ही कादंबरी घराघरांत पोचली आणि २०१९ साली त्याच नावाचा सिनेमाही येऊन गेला. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव आहे. गोपाळराव मात्र शेवटपर्यंत तसेच तऱ्हेवाईक राहिले. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसह बड्याबड्यांना चहा पाजून आणि मग ती नावं वर्तमानपत्रात छापवून त्यांनी सगळ्या शहरात खळबळ उडवली, ते हेच गोपाळराव. पुढे तर ते स्वतः काही काळ ख्रिस्तीही झाले!

तर असे हे चार हिवाळे. आनंदीबाईंचा धडा वाचून आपण मुलींना सांगतो, बघ, किती कष्ट केले, तसे तूही कर. बरोबर आहे. पण त्या धड्यात आणखी दोन ओळी घालाव्यात असं मला वाटतं. पहिली ही, की शिकवणाऱ्याचे उपकार मानावेत, पण त्यापायी झालेला अन्याय गिळू नये. आनंदीबाईंनीही गिळला नव्हता, लिहून ठेवला होता. आणि दुसरी ही, की तब्येतीला परीक्षेनंतरची तारीख देऊ नये.

मी वर गेले आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला हेच सांगितलं. तूच नर्स होणार आहेस, तुला काय मी शिकवायचं, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायची असते, हे तुझ्याच पुस्तकात असेल बघ. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. क्षय निघालाच तरी आता घाबरायचं कारण नाही. नेमाने गोळ्या घेतल्या की तो बरा होतो. आनंदीबाईंना जे मिळालं नाही ते आपल्याला पायी चालण्याच्या अंतरावर मिळतंय.

ती गप्प बसली. तिचा नवराच म्हणाला, काकू, उद्या माझं लेक्चर बुडालं तरी चालेल, मी घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी दोघं गेली. सुदैवाने क्षय नव्हता, छातीत साधा संसर्ग होता. आठवड्याभराच्या औषधाने खोकला थांबला. पहाटे आता पुन्हा नुसती कुकरची शिट्टी ऐकू येते. संक्रांतीला ती हळदीकुंकवाला आली, तेव्हा मी तिला वाण म्हणून आनंदीबाईंचं चरित्रच दिलं. म्हटलं, परीक्षा झाली की वाच. ही एक गोष्ट मात्र परीक्षेनंतर केली तरी चालेल.